या वर्षीचं भेंड

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि आज सकाळी मोरूचा फोन. "मास्तर, तला भरला."

मला वाटलं तळं पावसानं भरलं. म्हटलं, चांगलंच की. तर म्हणाला, "पान्यानं न्हाय वो. मुरमानं."

लेकीनं, वल्लरीनं, माझ्या निवृत्तीच्या दिवशी ही वही दिली होती, ती तीन वर्षं कोरी पडली होती. आज उघडली. मनात फार साचलं की बायकोला, श्यामलाला सांगतो, पण आज तिला सांगितलं तर ती म्हणेल, विकतचं आणू. म्हणून इथे.

भेंड हे गोड्या पाण्याच्या चिखलात उगवणारं झुडूप. तपकिरी साल काढली की आत पांढरा, कापसाहून हलका गर. त्याचे पापुद्रे सोलायचे, पापुद्र्यांच्या पाकळ्या, पाकळ्यांची फुलं, आणि फुलांचं नवरानवरीच्या कपाळावर बांधायचं बाशिंग. हा काही आमचा धंदा नव्हे. धंदा नारळ-सुपारीचा आणि माझी मास्तरकी. बाशिंग ही घरची हौस. आजोबा ती रेवदंड्याच्या बाजारातल्या एका कारागिराकडून शिकले, वडील, म्हणजे अण्णा, आजोबांकडून आणि मी अण्णांकडून. आमच्या चौलच्या घरातलं एकही लग्न विकतच्या बाशिंगावर लागलेलं नाही.

वल्लरीचं लग्न चौदा डिसेंबरला आहे. भेंड दरवर्षी मोरूच्या गावामागच्या तळ्यातून येतं. म्हणजे यायचं.

१५ ऑक्टोबर

तळं बघून आलो. खात्री करायची होती. खाऱ्या जमिनीच्या या खारेपाटात एवढं एकच गोडं तळं होतं. आता तिथे लाल मुरूम, वर रोलरचे पट्टे, आणि कडेला प्लॉटचे दगड रोवलेले. मोरू गुडघ्यावर हात ठेवून उभा होता. आम्ही एका वयाचे. मी शाळेत नवीन लागलो तेव्हा तो शाळेच्या वसतिगृहाला मीठ आणि मासळी पोचवायचा, तेव्हापासूनची ओळख.

"कोणी भरलं?" मी विचारलं.

"आमच्याच अल्पेशच्या डंपरनी. पुतन्यालाच काम भेटला." मग म्हणाला, "मी बोललो त्याला, मास्तरांचा भेंड हाय त्यात. तो बोलला, काका, भेंड म्हंजे काय?"

त्याच्यावर तरी काय रागवायचं. पोराला ठाऊकच नाही.

परत येताना बसथांब्यापासून घरापर्यंत श्यामला बरोबर होती. म्हणाली, "अहो, पाय उचलून चाला, घासताय." नवी चप्पल आहे, पट्टा सैल आहे. हल्ली चपला सुद्धा धड मिळत नाहीत.

२० ऑक्टोबर

माळ्यावर मागची एक जुडी निघाली. तीनेक वर्षांपूर्वीची असेल. आनंदानं पाट मांडून बसलो. अण्णा आरामखुर्चीत, नेहमीसारखे. वय नव्वदीला टेकलं, पण मी सुरी हातात घेतली की त्यांची नजर हलत नाही.

एकही पापुद्रा अखंड निघाला नाही. सुरी अर्ध्यावर जाऊन थांबते, पुढे ढकलली की फाटतं. जुनं भेंड असंच. कोरडं पडलं की दाद देत नाही. सुरीला धार लावून आणली, तरी तेच. मूठही सैल झाली असावी, हातात ठरत नाही. उजवा अंगठा आपोआप हलत राहतो, तो ह्या ढिल्या मुठीमुळेच.

अण्णा काही बोलले नाहीत. एरवी माझी प्रत्येक पाकळी त्यांना जाड वाटते.

श्यामलानं वाण्याची यादी परत आणून दिली. "हे काय लिहिलंय? मुंगी चालल्यासारखं. वाण्यालाही वाचता येईना." या वहीतल्या ओळी जवळजवळ आहेत. बारीक लिहायची सवय लागली.

२६ ऑक्टोबर

माणगावला जाऊन आलो. रोह्याला एसटी बदलावी लागते. बाजारात लग्नसाहित्याचं एक मोठं दुकान आहे, तिथे बाशिंगं टांगलेली. हात लावला तर फोम. वर चमकी.

"भेंडाचं आहे का?" म्हटलं.

"काका, तो माल आता बंगालकडून येतो. मागवला तर महिना दीड महिना, आणि ओला निघाला तर परत घेणार नाही." दुकानदार गुजराती, बोलायला गोड. सुटे पैसे परत देताना त्यानं माझ्या हाताखाली आपला दुसरा हात धरला, नाणी सांडू नयेत म्हणून. चांगला माणूस.

पण भेंड नाही. परतीच्या एसटीत सगळा वेळ एकच विचार. मंडपात वल्लरी उभी आहे आणि कपाळावर फोम. अण्णा बघताहेत.

मुरूडच्या एका ओळखीच्यांनाही फोन केला. तेही म्हणाले, आमच्या इथलं कधीच संपलं.

४ नोव्हेंबर

दिवाळीला वल्लरी आली, आज पुण्याला गेली. घर रिकामं वाटतंय.

पहिल्या दिवशी विचारते, "बाबा, माझ्यावर रागावलात का?" मी कशाला रागावेन. म्हणाली, "मग हसत का नाही तुम्ही?" मी हसत होतो. माझ्या काळजीचा तिला त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम हसत होतो.

उटण्याला या वर्षी अजिबात वास नव्हता. मी म्हटलं, भेसळ. श्यामला आणि वल्लरीनं एकमेकींकडे पाहिलं. दोघी म्हणाल्या, छान वास येतोय. आता तरुण मुलीला अस्सल उटणं कुठे माहीत. पण श्यामलाला तरी कळायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मनाला फार बरी वाटली. वल्लरीला या कामाची ओढ लागली आहे. मी जुन्या भेंडाशी झटापट करत बसलो होतो, तर तिनं फोन काढून माझ्या हातांचा व्हिडिओ घेतला. सुरी धरलेल्या हाताचा घेतला, मग म्हणाली, "आता हात नुसता मांडीवर ठेवा, बाबा." तोही घेतला. मग अंगणात चालताना. मी म्हटलं, चालण्याचा बाशिंगाशी काय संबंध? म्हणाली, "आठवण म्हणून." लग्न होऊन जाणारी मुलगी. मी दोनदा चालून दाखवलं.

१२ नोव्हेंबर

भेंड मिळालं.

मोरूनंच शोधलं. त्याची बहीण ठमी रोह्याच्या बाजूला दिलेली आहे. तिच्या गावाबाहेर बंद पडलेली दगडाची खाण, तिच्यात पाणी साठून राहिलेलं, आणि काठाकाठानं भेंड. ठमीनं फोनवर सांगितलं, "दादा, गुरा पन खात न्हाईत, कोनाला नको हाय." मोरू सकाळीच मला घ्यायला टेम्पो घेऊन आला.

मी पाण्यात उतरायला निघालो, तर दोघांनी उतरू दिलं नाही. शेवाळ आहे, म्हणे. ठमी काष्टा मारून कमरेइतक्या पाण्यात गेली. उपटून मोरूकडे द्यायची, तो काठावर रचायचा. वर आली तेव्हा पोटरीला जळवा. तिनं तंबाखूची चिमूट लावून त्या काढल्या आणि हसत म्हणाली, "मास्तर, पोरीच्या लग्नाला बोलवा म्हंजे झाला."

अंगठ्याएवढ्या जाड कांड्या, सरळ, गाठ नाही. एक तिथेच सोलून बघितली. आत दुधासारखी. किती वर्षांत असं भेंड पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी खाणीतही भराव पडणार आहे, असं ठमी म्हणाली. तिकडून रस्ता जायचा आहे. ते मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. या वर्षापुरतं तरी झालं.

१९ नोव्हेंबर

वाळलं. बसलो. फाटलं.

सकाळपासून बसलो होतो. एका जुडीतल्या निम्म्याहून अधिक कांड्या गेल्या, पुढ्यात नुसता भुगा. श्यामला फुलं चिकटवायची खळ शिजवून घेऊन आली, भांडं बाजूला ठेवून आत गेली.

दुपारी मोरू आला, हौसेनं, कुठवर आलं बघायला. मी सांगून टाकलं, भेंड कोवळं आहे. घाईनं उपटलं. अजून महिनाभर ठेवायला हवं होतं.

मोरूनं एक कांडी उचलली, नखानं दाबली. "मास्तर, भेंड चांगला हाय."

"तुला काय कळतं त्यातलं? तू नुसता उपटून आणणारा."

तो कांडी खाली ठेवून उभा राहिला. "व्हय," म्हणाला. "आनून देनाराच. ठमीला सांगतो, कोवला होता म्हनून." आणि गेला. चहा तसाच.

मी असं बोलायला नको होतं. पण भेंड कोवळं आहे, हे खरंच आहे. दुसरं काय असणार.

२१ नोव्हेंबर

अण्णांनी आज हात पुढे केला. "यशू, एक कांडी दे."

दिली. त्यांनी ती कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारली, गालावर फिरवली. दिसत फारसं नाही त्यांना आता. म्हणाले, "भेंड उत्तम आहे."

मी म्हटलं, कोवळं आहे. सुरीखाली फाटतंय.

कांडी मांडीवर ठेवून ते मागे टेकले. मला वाटलं झोपले. मग बोलायला लागले. "माझे वडीलही शेवटी शेवटी भेंडालाच नावं ठेवायचे. आज जुनं आहे, आज ओलं आहे, आज गाठीचं आहे. तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी तीन गावांचं भेंड परत पाठवलं. शेवटी सुरी मी घेतली. त्यांच्या हातातून काढूनच घेतली म्हण. त्यांना विचारलं मात्र नाही. बापाला कसं विचारायचं?"

मी पुढ्यातला भुगा गोळा करायला लागलो.

"तुला विचारतो," अण्णा म्हणाले. "हात कधीपासून?"

मी म्हटलं, "अण्णा, हाताला काही झालेलं नाही. सुरीची मूठ सैल आहे."

"बरं," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

म्हातारपणी माणसाचं मन जुन्या गोष्टींत अडकतं. आजोबांचं आणि माझं काय? आजोबांच्या वेळी सुरीच कुठे धड होती. हे लिहितानाही अंगठा हलतो आहे. खिडकीतून वारा येतोय. थंडी पडायला लागली.

२५ नोव्हेंबर

अलिबागला डॉक्टरांकडे जाऊन आलो. वल्लरी रजा टाकून पुण्याहून आली. लग्नाच्या आधी सगळ्यांची तपासणी करून घ्यायची असते म्हणाली. मीही गेलो, मास्तर असून. असली तपासणी कधी कोणी ऐकली आहे का?

डॉक्टर वल्लरीपेक्षा थोडे मोठे असतील. त्यांनी मला अंगठा आणि बोट पटापट टेकवायला सांगितलं. बोळातून चालायला लावलं. कागदावर एक वाक्य लिहा म्हणाले. मी लिहिलं, "माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे." वाक्य संपेपर्यंत अक्षर इतकं बारीक झालं की मलाच शेवटचा शब्द वाचता येईना. या कागदावर ओळीच नव्हत्या.

वास येतो का, विचारलं. मी उटण्याचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो.

मग ते म्हणाले, "व्हिडिओत दिसत होतंच. पण प्रत्यक्ष बघणं गरजेचं होतं."

कंपवात. इंग्रजी नावही सांगितलं, ते लिहीत नाही. गोळ्यांनी बराच फरक पडतो, पण सावकाश, काही आठवडे जातील. चारचौघांत, काळजीनं, घाईत हात जास्त हलेल. चालत राहा, बोटांना काम देत राहा. बरं होणारं नाही, पण जगता येतं. नीट समजावून सांगत होते. मीही मुलांना नापास झाल्याचं असंच सांगायचो.

गाडीत वल्लरी रडली. मी नाही. मी तिला एकच विचारलं, "आठवण म्हणून घेतला होतास ना?"

२६ नोव्हेंबर

कोणाशी बोललो नाही. माझ्याच घरात, माझ्याच हातांचं चोरून चित्रण. श्यामलाला ठाऊक होतं. अण्णांना कळलं होतं. माणगावच्या त्या दुकानदाराला सुद्धा कळलं होतं. मला सोडून सगळ्यांना.

मागची पानं वाचली. चप्पल, वही, उटणं, मूठ, वारा.

३० नोव्हेंबर

मोरूकडे गेलो. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. मला पाहून उठला नाही, पण सरकून जागा दिली.

मी म्हटलं, "भेंड चांगलं होतं."

"म्हाईत हाय."

"माझ्या हाताला रोग झालाय."

त्यानं जाळं खाली ठेवलं. माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला, टेम्पोचा पार्ट बघावा तसा. अंगठा चालूच होता. "दुखतो का?"

"नाही."

"मंग ठीक हाय," म्हणाला. जरा वेळानं पुन्हा, "मास्तर, त्या दिवशी लय लागला मला. पन मी घरी जाऊन हिला बोललो, मास्तर असा बोलनारा मानूस न्हाय, कायतरी झालाय त्याला."

त्याच्या बायकोनं चहा आणला, अर्धा कप, मोठ्या पेल्यात. माझ्या घरी श्यामला कधीपासून असाच देते आहे, ते मला आज लक्षात आलं.

ठमीला मी तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "मी येनार हाय लग्नाला, लुगरा पन घेतला."

३ डिसेंबर

श्यामलाला मी सांगून टाकलं होतं, पेणहून तयार आण. ती "बघू" म्हणाली होती.

आज दुपारी झोपून उठलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती खाली बसलेली, पुढ्यात पाट, हातात माझी सुरी. आजूबाजूला भेंडाचा कचरा, कालचा आणि परवाचाही असावा, केरसुणीनं कोपऱ्यात लोटलेला. मी झोपलो की ती बसत होती तर. तिला मी आल्याचं कळलं. मान वर न करता तिनं विचारलं, "अहो, सुरी फिरते का भेंड फिरतं?"

इतकी वर्षं तिनं माझ्यासाठी खळ शिजवली, बेगड कापली, फुलं चिकटवली. सुरीला कधी हात लावला नव्हता. मीच कधी दिली नव्हती, असं म्हणायला हवं.

मी तिच्यासमोर खाली बसलो. मग म्हटलं, "भेंड फिरतं. सुरी जागेवर राहते. पाटावर आडवी टेकव आणि विसरून जा तिला."

"विसरून कशी जाऊ, बोट कापेल की."

"कापू दे एकदा. मग भीती जाते."

बोट कापलंच. हळद लावून परत बसली. संध्याकाळपर्यंत एक पापुद्रा निघाला. वीतभर, जाडसर, कडेला दातेरी. तिनं तो उजेडात धरला. मी तो घेऊन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी चाचपला. "जाड आहे," म्हणाले. फार दिवसांनी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला.

९ डिसेंबर

दोन बाशिंगं होणार का नाही, कळत नाही. रोज वाटतं, होणार नाहीत. पापुद्रे निघतात, पण पाकळी कापताना श्यामला घाई करते. मी ओरडतो. ती म्हणते, "शाळेत असंच ओरडायचात का?" शाळेत मी यापेक्षा जास्त ओरडायचो.

माझ्याकडे खळ आली आहे. बोटानं फुलावर खळ लावायची, तिथे अंगठा हलला तरी चालतं. कधी जास्त लागते.

वल्लरीचा फोन आला. अबोला मीच धरला होता, मीच सोडला. म्हटलं, "बाळा, बाशिंग ओबडधोबड होतंय. प्रणयच्या घरचे काय म्हणतील?" जावयाचं कुटुंब पनवेलचं, मोठा गोतावळा. ती म्हणाली, "बाबा, त्यांना भेंड म्हणजे काय तेच माहीत नाही. चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, कळणार कसं?"

खरं आहे. आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. चांगलं-वाईट कळणारे आता घरात आम्ही दोघेच. मी आणि अण्णा. खाणीत भराव पडला की उरलेली ही अर्धी जुडी. श्यामला शिकली आहे, पण पुढच्या वर्षी तिनं कशावर हात चालवायचा?  

१५ डिसेंबर

काल वल्लरीचं लग्न झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं आहे, मी परसात येऊन लिहितो आहे.

दोन्ही बाशिंगं झाली. परवा संध्याकाळी शेवटचं फूल चिकटलं. नवरीच्या बाशिंगाच्या डाव्या कडेच्या कळ्या उजव्या कडेपेक्षा मोठ्या झाल्या आहेत. माझ्या खळीचे डाग बेगडीखाली लपवले. ठमी नवं लुगडं नेसून आली होती. तिनं बाशिंग हातावर तोललं आणि मोरूला म्हणाली, "कायच वजन न्हाय, बग."

आमच्याकडे नवरीला बाशिंग बापानं बांधायचं. हे मला आठवण्याआधीच सगळ्यांना आठवलं होतं. भटजींनी हाक मारली. सगळे वळून बघायला लागले. पनवेलची मंडळी, फोटोवाले, माझे जुने विद्यार्थी. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. अंगठ्याबरोबर मनगटही हलायला लागलं. मी दोरे वल्लरीच्या डोक्यामागे नेले, पण गाठीचं टोक धरताच निसटायचं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. भटजींचे मंत्र संपले आणि ते थांबले. मागून कोणी तरी खाकरलं. श्यामला पुढे यायला निघाली, ते मला बांगड्यांवरून कळलं.

"आई, राहू दे," वल्लरी म्हणाली.

ती मागे वळली नाही. हात वर करून दोरा धरला नाही. मान थोडी खाली केली, डोळे मिटले, आणि आपल्याला कुठेच जायचं नाही अशी बसून राहिली. प्रणय शेजारी होता. त्यानंही घड्याळाकडे पाहिलं नाही. मुलगा बरा दिसतो.

किती वेळ लागला सांगता येत नाही. गाठ बसली. नीट नाही बसली, पण बसली.

सप्तपदीला ती सैल झाली आणि बाशिंग एका बाजूला कलायला लागलं. तिची नणंद पुढे झाली, "थांब, मी घट्ट करून देते." वल्लरीनं मान हलवली. डावा हात वर नेला, कपाळावर बाशिंग धरलं, आणि सातही पावलं तशीच चालली. नंतर जेवताना, पाया पडताना, गाडीत बसताना, हात तिथेच. दोन-तीन जणींनी तरी विचारलं. कोणालाही तिनं ती गाठ सोडू दिली नाही.